"डोळे कुठे होते तुझे?" : स्वतःलाच झापणाऱ्या मनाचा एक प्रकरण अभ्यास

खिडकीवर तीन माणसं उभी होती, टेबलावरचा फोन वाजत होता आणि चिठ्ठीवर रक्त पातळ ठेवणारी एक गोळी लिहिलेली होती, १ मिलिग्रॅमची. पिशवीत गेली ५ मिलिग्रॅमची स्ट्रिप. शेजारच्या शिकाऊ मुलीने पिशवी पुढे करताना सहज नजर टाकली, "मॅडम, ही पाचची आहे," म्हणाली. स्ट्रिप बदलली आणि माणूस योग्य गोळ्या घेऊन निघून गेला. सगळा प्रसंग जेमतेम मिनिटभराचा. थोडक्यात टळलेल्या चुकांच्या रजिस्टरमध्ये त्याची दीड ओळीची नोंद झाली. वरिष्ठ एका शब्दानेही रागावले नाहीत.

चार महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा ती दीड ओळ त्यांना शब्दन् शब्द पाठ होती.

मी समुपदेशनाचं काम करते. इथली व्यक्ती ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि एकाहून अधिक जणांचे अनुभव एकत्र गुंफले आहेत. मनातल्या आवाजाची वाक्यं मात्र मी गुळगुळीत केलेली नाहीत, कारण हे सगळं प्रकरण त्या वाक्यांच्या नेमक्या शब्दांवर फिरतं.

पहिली भेट

वय ३८. रुग्णालयाच्या औषधालयात १४ वर्षं फार्मासिस्ट. येण्याचं कारण फॉर्मवर त्यांनी लिहिलं होतं, "झोप." बोलायला लागल्यावर बाकीचं बाहेर आलं. पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची आणि जाग येताच तो प्रसंग पहिल्यापासून सुरू व्हायचा. कामावर प्रत्येक चिठ्ठी त्या चार-पाच वेळा ताडून बघायच्या. त्यामुळे रांग वाढायची, रांगेतली कुरबुर कानावर आली की हात थरथरायला लागायचे, आणि थरथरणारा हात दिसला की पुन्हा पहिल्यापासून तपासणी. नव्या मुलींना शिकवणं हे त्यांच्या आवडीचं काम होतं, तेही त्यांनी सोडून दिलं होतं. "मी कोणत्या तोंडाने शिकवू?"

काही गोष्टी पहिल्याच दिवशी विचारून घ्याव्या लागतात. "आतून आवाज येतो" असं त्या म्हणाल्या, म्हणून मी स्पष्ट विचारलं की तो कानाने ऐकू येतो का, दुसरं कोणी बोलतंय असं वाटतं का. नाही. आपलंच मन बोलतंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का, हेही सरळ शब्दांत विचारलं. हा प्रश्न आडवळणाने विचारू नये असं माझं ठाम मत आहे. आडवळणाने विचारला की उत्तरही आडवळणानेच येतं. त्या म्हणाल्या, "नाही. पण नोकरी सोडावी असं रोज वाटतं." नैराश्याची तीव्रता मोजायच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत २७ पैकी १३ गुण आले, म्हणजे मध्यम. थकवा होता म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं. दोन्ही ठीक होतं. पुन्हा पुन्हा तपासण्याची सवय ही मंत्रचळ म्हणजे ओसीडी तर नाही ना, याचीही चाचपणी केली. कुलूप, गॅस, नळ, हात धुणं यातलं काहीच नव्हतं. तपासणी फक्त खिडकीवरची आणि फक्त त्या दिवसानंतरची.

निघताना त्या म्हणाल्या, "हे बोलणं थांबवा. पण माझी काळजी कमी होऊ देऊ नका. काळजी कमी झाली तर मी कोणाचा तरी जीव घेईन."

या वाक्याखाली मी दोन रेघा ओढल्या. जे त्यांना छळत होतं, तेच आपल्याला सांभाळतंय असं त्यांना वाटत होतं. असं वाटणाऱ्या माणसाला "स्वतःशी चांगलं बोला" असं सांगणं म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवा असं सांगण्यासारखं आहे. तो कसा ऐकेल?

तक्ता

दुसऱ्या भेटीत मी नेहमीचा तक्ता दिला. १९६०च्या दशकात ॲरन बेक हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ नैराश्याच्या रुग्णांवर काम करत होते. रुग्ण एक बोलत असतो तेव्हा त्याच्या मनात दुसराच एक प्रवाह चालू असतो, झर्रकन येऊन जाणाऱ्या आणि न तपासताच खऱ्या मानल्या जाणाऱ्या विचारांचा, हे त्यांच्या लक्षात आलं. ते विचार कागदावर उतरवून पुराव्याला लावण्याची पद्धत त्यातून रूढ झाली. प्रसंग, विचार, भावना, बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा आणि शेवटी समतोल विचार, असे त्याचे रकाने असतात. पद्धत चांगली आहे, अनेकांना तिचा उपयोग होतो.

पुढच्या आठवड्यात त्या तक्ता घेऊन आल्या. पट्टीने आखलेला, एक खाडाखोड नाही. विचाराच्या रकान्यात, "मी निष्काळजी आहे." विरुद्ध पुराव्यात १४ वर्षांचं स्वच्छ काम. समतोल विचार, "माणसाकडून चूक होऊ शकते." वाईट वाटण्याची तीव्रता आधी १०० पैकी ८०, तक्ता भरल्यावर ७८.

आणि कागदाच्या अगदी तळाशी, रकान्यांच्या बाहेर, पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ होती : "एवढं समजावूनही समजत नाही का तुला?"

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ते नाही हो, ते असंच आलं. खोडायचं राहिलं."

माझी चूक मला तिथे दिसली. त्यांनी विचाराच्या रकान्यात लिहिलेलं वाक्य हे मनात आलेलं वाक्यच नव्हतं. "मी निष्काळजी आहे" हे त्या वाक्याचं सभ्य भाषांतर होतं, माझ्यासमोर ठेवण्याजोगं करून आणलेलं. आम्ही दोघी मिळून त्या भाषांतराशी वाद घालत होतो आणि खरा मजकूर तळाला पेन्सिलीने पडून होता.

वही

मग मी तक्ता बाजूला ठेवला आणि खिशात मावेल अशी छोटी वही वापरायला सांगितलं. अट एकच, शुद्ध करायचं नाही. जसं येईल तसं लिहायचं. "तू" आलं तर "तू", वाक्य अर्धवट तुटलं तर अर्धवट, शिवी आली तर शिवी. त्यावर विचार करायचा नाही, उत्तर द्यायचं नाही, फक्त उतरवायचं.

सहा दिवसांत ४१ वाक्यं जमली. त्यातलं एकही "मी"ने सुरू होत नव्हतं. सगळीकडे "तू" होतं. आणि ४१ पैकी ३३ वाक्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं.

डोळे कुठे होते तुझे? एवढं साधं कळू नये? किती वेळा तेच? कशाला तोंड उघडलंस? आता तरी सुधारशील का? त्या माणसाला काही झालं असतं म्हणजे? काय उपयोग तुझा?

वही मी त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगितली. सहाव्या-सातव्या वाक्याला त्या थांबल्या. म्हणाल्या, "हे सगळे प्रश्नच आहेत की."

या गोष्टीला मी फार महत्त्व देते. आपल्याकडे रागावणं बहुतेक वेळा प्रश्नाच्या रूपात येतं. "अक्कल आहे का?" याचं उत्तर "आहे" असं कोणी देत नाही, दिलंच तर दुप्पट बोलणी बसतात. तो प्रश्न दिसायला प्रश्न असतो, त्याला उत्तर नको असतं, खाली गेलेली मान हवी असते. असं वाक्य पुराव्याच्या तक्त्यात बसतच नाही, कारण त्यात विधानच केलेलं नसतं. विधान असेल तर ते खोडता येतं. "डोळे कुठे होते तुझे?" हे खोडणार कसं? म्हणून त्यांचा तक्ता निर्दोष भरला जात होता आणि मनाला त्याचा ओरखडाही उमटत नव्हता.

असं बोलणं मनात येतं कुठून? लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं १९३४ साली प्रसिद्ध झालेलं प्रतिपादन इथे कामी येतं. मूल आधी इतरांशी बोलतं, मग खेळताना स्वतःशी मोठ्याने पुटपुटतं आणि हळूहळू ते पुटपुटणं आत जातं. आतलं बोलणं हे अशा रीतीने बाहेरच्या बोलण्यातूनच घडतं. म्हणून त्यात बाहेरच्या माणसांची लकब शिल्लक राहते. "हा सूर कोणाचा?" असं मी विचारलं तेव्हा त्यांनी फार वेळ घेतला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांना शिकवणाऱ्या वरिष्ठ बाई होत्या. चूक झाली की खिडकीवरच, लोकांदेखत विचारायच्या, "डोळे कुठे होते तुझे?"

इथे एखाद्याला वाटेल की गुन्हेगार सापडला. तसं नव्हतं. त्याच बाईंनी त्यांना चिठ्ठी वाचायला शिकवलं होतं, डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर अंदाज न करता फोन उचलायला शिकवलं होतं. त्यांच्याबद्दल बोलताना या डोळे पुसत होत्या आणि ते अश्रू रागाचे नव्हते. शिकवण आणि झापणं एकाच तोंडून आलं होतं, त्यामुळे मनात दोन्ही चिकटलेलं राहिलं. आवाज गेला तर शिकवणही जाईल ही त्यांची भीती मला आता कळली. "आतल्या टीकाकाराला एखादं विनोदी नाव ठेवा" असा सल्ला हल्ली बराच ऐकू येतो. काहींना तो लागूही पडतो. पण जो आवाज आपल्या गुरूचा आहे त्याची टिंगल करायला कोणाला सांगावं, हे मला पटलं नाही. तो मार्ग आम्ही घेतला नाही.

प्रश्न आहे ना, मग उत्तर द्या

चौथ्या भेटीत मी त्यांना म्हणाले, "आज या प्रश्नाचं खरोखर उत्तर द्यायचं. कोर्टात उलटतपासणी चालू आहे असं नाही, कोणीतरी माहिती विचारतंय असं समजून. डोळे कुठे होते?"

त्या गोंधळल्या. "कुठे म्हणजे... चिठ्ठीवरच होते."

"मग?"

"मग फोनकडे गेले. फोन वाजत होता, वॉर्डातून असेल म्हणून बघितलं. परत आले तेव्हा हात खणात होता." थोडं थांबून, "दोन्ही गोळ्या एकाच खणात असतात. खोकी सारख्याच रंगाची. वरची एकची, खालची पाचची. त्या दिवशी सकाळी माल लावला होता, खालीवर झालं असणार."

चार महिने रात्रंदिवस विचारला गेलेला प्रश्न, आणि त्याचं उत्तर पहिल्यांदाच दिलं जात होतं. उत्तरात "निष्काळजी" हा शब्द कुठे आला नाही. फोन आला, खण आला, खोक्याचा रंग आला.

जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने चुकांचा आयुष्यभर अभ्यास केला. २००० साली त्यांनी वैद्यकीय वाचकांसाठी जी मांडणी केली तिचा गाभा असा : चुकीचा दोष माणसावर ठेवणं सोपं आणि समाधानकारक वाटतं, पण त्याने पुढची चूक टळत नाही. भोकं असलेल्या चीजच्या चकत्या एकामागे एक ठेवाव्यात तसे सुरक्षेचे थर असतात. प्रत्येक थरात भोकं असतातच आणि ती एका रेषेत आली की अपाय आरपार जातो. त्यांच्या प्रसंगात खण हे एक भोक होतं, फोन दुसरं. शिकाऊ मुलीची नजर हा थर शाबूत होता, म्हणून अपाय झाला नाही. हे त्यांना मी समजावून सांगायची गरज पडली नाही. हा विषय त्या स्वतः नव्या मुलींना शिकवत असत. स्वतःच्या चुकीला मात्र त्यांनी तो कधी लावला नव्हता.

त्या आठवड्यात त्यांनी दोन्ही गोळ्यांचे खण वेगळे केले आणि पाचच्या खणावर मोठ्या अक्षरात पट्टी लावली. उपचारातला पहिला खरा बदल हा होता आणि तो औषधालयात झाला.

मग वहीतला एकेक प्रश्न आम्ही उलगडत गेलो. सगळे प्रश्न एकाच जातीचे निघाले नाहीत. "डोळे कुठे होते" याला उत्तर होतं, कामाचं उत्तर. "एवढं साधं कळू नये?" याच्या पोटात एक विधान लपलेलं होतं, "मला साध्या गोष्टी कळत नाहीत." प्रश्नाचं असं विधान करून समोर ठेवलं की मग तो बेकचा तक्ता चालतो. त्यांनी ते विधान मोठ्याने वाचलं आणि स्वतःच मान हलवली. "किती वेळा तेच?" याला तर आकडाच पुरला. तेच म्हणजे काय ते ठरवलं, चुकीच्या ताकदीची गोळी पिशवीपर्यंत जाणं. किती वेळा? त्यांच्या आठवणीत आणि रजिस्टरमध्ये मिळून, एकदा.

राहिले "काय उपयोग तुझा?" आणि "आता तरी सुधारशील का?" यांच्याशी आम्ही बराच वेळ झटलो. यांना उत्तरही नाही आणि पोटात तपासण्याजोगं विधानही नाही. पॉल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २००४ साली विद्यार्थिनींवर केलेल्या अभ्यासात स्वतःवरच्या टीकेमागचे दोन हेतू वेगळे दिसले. एकात माणूस स्वतःला सुधारण्यासाठी बोलतो, दुसऱ्यात स्वतःला दुखवण्यासाठी, शिक्षा म्हणून. वहीतली ही दोन वाक्यं दुसऱ्या प्रकारची होती. ती नुसता फटका मारत होती. फटक्याशी वाद घालता येत नाही. "हा प्रश्न नाही, हा फटका आहे" एवढंच त्या त्याच्यापुढे लिहायला लागल्या. पहिले काही दिवस लिहिताना हात जड व्हायचा असं त्या सांगत.

"काय झालं, सांग"

आता जे ठरलेले उपाय फसले त्यांच्याविषयी. "हीच चूक तुमच्या मैत्रिणीने केली असती तर तिला काय म्हणाल?" हा प्रश्न आम्ही सगळेच विचारतो. मीही विचारला. त्यांनी लगेच उत्तर दिलं, "ती गोष्ट वेगळी. मला १४ वर्षं झालीत." स्वतःला इतरांहून वेगळं माप लावणाऱ्या माणसावर या प्रश्नाचा परिणाम होत नाही, कारण वेगळं माप हेच तर दुखणं असतं. "मी उत्तम आहे, मी सक्षम आहे" असं आरशासमोर म्हणण्याचा प्रयोग त्यांनी माझ्याकडे येण्याआधीच करून सोडून दिला होता. "म्हणताना आतून कोणीतरी हसायचं," त्या म्हणाल्या. जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं होतं की ज्यांचा स्वतःबद्दलचा आदर आधीच कमी आहे, त्यांना अशी गोड वाक्यं घोकल्यावर बरं वाटण्याऐवजी उलट वाईट वाटू शकतं. त्यांचं सोडून देणं शहाणपणाचंच होतं, आणि तेही त्या आपल्या अपयशांत धरून बसल्या होत्या.

मग सहाव्या आठवड्यात एक घटना घडली, जी मी ठरवून घडवू शकले नसते. ज्या शिकाऊ मुलीने त्या दिवशी स्ट्रिप पकडली होती, तिच्याच हातून लेबल चुकलं. दिवसातून दोनदाऐवजी तीनदा. ते यांच्या नजरेस आलं. मुलगी रडायला लागली. यांनी तिला आतल्या खोलीत नेलं, खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "काय झालं, सांग." मुलीने सांगितलं. दोघींनी मिळून लेबल बदललं, रजिस्टरमध्ये नोंद केली आणि पुढच्या वेळी काय करायचं ते ठरवलं.

भेटीत त्या हे सहज, दुसऱ्या कशाच्या तरी ओघात सांगत होत्या. मी त्यांना थांबवलं. "तुम्ही तिला म्हणालेलं वाक्य वहीत लिहा. जसंच्या तसं."

त्यांनी लिहिलं. "काय झालं, सांग." वरच्या ओळीवर आठवडाभरापूर्वीचं होतं, "डोळे कुठे होते तुझे?"

बराच वेळ त्या दोन्ही ओळींकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "विचारलं तेच आहे."

खरंच तेच होतं. दोन्ही वाक्यं चूक कशी झाली हेच विचारतात. दोन्हीत "तू"च आहे. ईथन क्रॉस यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात, तणावाच्या प्रसंगी स्वतःशी बोलताना "मी"ऐवजी स्वतःचं नाव किंवा "तू" वापरणाऱ्यांना थोडं अंतर मिळतं आणि त्रास कमी होतो असं दिसलं. यांच्या वहीत "तू" पहिल्यापासून होतं, पण त्याने अंतर मिळालं नव्हतं. मराठीत "तू" हे लाडाचंही असतं आणि दरडावण्याचंही, फरक सगळा पुढच्या क्रियापदात आणि सुरात. "सांग" म्हटलं की समोरच्याच्या तोंडून काही ऐकायचं आहे हे गृहीत असतं. "डोळे कुठे होते" मध्ये ते नसतं.

मी त्यांना कोणतंही वाक्य दिलं नाही. हे त्यांचं होतं, त्यांच्या तोंडून आलेलं, आणि एका मुलीवर त्याचा काय परिणाम झाला हे त्यांनी समोर बघितलेलं होतं. मुलगी दुसऱ्या दिवशी बेफिकीर झाली नव्हती. अधिक नीट काम करत होती. "काळजी कमी झाली तर मी कोणाचा तरी जीव घेईन" या भीतीला मी दिलेल्या कुठल्याही दाखल्यापेक्षा त्या मुलीच्या कामाने जास्त चोख उत्तर दिलं. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांचा २०१२चा अभ्यास मी त्यांना सांगितला होता. त्यात कठीण चाचणीत कमी पडल्यावर ज्यांना स्वतःकडे कनवाळूपणे बघायला सुचवलं, ते विद्यार्थी पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यास करत होते. त्यांनी तो मान देऊन ऐकून घेतला होता, इतकंच.

चौथी तपासणी

पुन्हा पुन्हा तपासणं अजून चालूच होतं. हे सोडा असं मी म्हटलं नाही, कारण औषधालयात तपासणी हा कामाचा भाग आहे. नियम त्यांनाच विचारला. दोनदा स्वतः ताडायचं आणि जोखमीच्या औषधांना दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे ताडायचं. तिसरी, चौथी, पाचवी फेरी नियमात नव्हती, ती आवाजासाठी होती.

दोन आठवडे त्यांनी हिशोब ठेवला : तिसऱ्या फेरीत आणि पुढे किती चुका सापडल्या? एकही नाही. याउलट पाचव्या फेरीनंतर आपण नक्की काय बघितलं हे धूसर व्हायचं, असं त्यांनीच नोंदवलं. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या डच संशोधकांनी २००३ साली नेमकं हेच दाखवलं आहे. संगणकावरच्या गॅसच्या शेगडीची बटणं लोकांना पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटी त्यांची आठवण बरोबरच होती, पण तिच्यावरचा विश्वास घसरला, चित्र फिकं झालं. खात्रीसाठी केलेली तपासणी खात्रीच खाऊन टाकते. फार्मासिस्ट बाईंना हे औषधाच्या भाषेत चटकन कळलं : मात्रा वाढवली की उपाय अपाय होतो. आधी पाचवी फेरी सुटली, मग चौथी. तिसरी जायला महिना लागला, आणि थकलेल्या दिवशी ती परत यायची.

नवव्या आठवड्यात घसरगुंडी झाली. खिडकीवर एका माणसाने उशीर झाला म्हणून सर्वांसमोर आवाज चढवला. त्या रात्री वहीत १९ वाक्यं उतरली आणि त्यातलं एक नवीन होतं : "एवढे उपचार घेऊनही तशीच?" आवाजाने उपचारालाही कामाला लावलं होतं. असं होतं, आणि ते होणार हे मी आधी सांगून ठेवायला हवं होतं. सांगितलं नव्हतं. पुढच्या भेटीत आम्ही त्या १९ वाक्यांची छाननी केली. १२ नुसते फटके, पाचांच्या पोटात विधान, दोनांना खरं उत्तर. उत्तर असलेल्यांतला एक प्रश्न होता, "रांग एवढी का झाली?" कारण त्या दुपारी खिडकीवर एकच माणूस होतं. ते त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं. चार महिन्यांपूर्वी त्यांनी ते स्वतःच्या हळूपणावर घेतलं असतं.

पाच महिन्यांत १४ भेटी झाल्या. शेवटच्या भेटीत पीएचक्यू-९चे गुण ४ होते. झोप लागत होती, शिकवणं सुरू झालं होतं. आवाज गेला नव्हता. दमल्यावर, आजारपणात, कोणी वरच्या पट्टीत बोललं की तो येतो, त्याच वरिष्ठ बाईंच्या सुरात. हे प्रकरण तुलनेने सोपं होतं, हेही इथे नोंदवते. मूळ प्रसंग ताजा होता, बालपणीच्या मोठ्या जखमा नव्हत्या, स्वतःबद्दल खोल तिटकारा नव्हता. जिथे तो असतो, तिथे वहीतलं प्रत्येक वाक्य फटकाच निघतं. मग वाक्यांची छाननी पुरत नाही, वेगळं आणि लांबचं काम करावं लागतं, कधी औषधांची जोडही लागते.

तीन महिन्यांनी त्या ठरल्याप्रमाणे भेटायला आल्या. मधल्या काळात आणखी एक चूक थोडक्यात टळली होती, सारख्या नावाची दोन औषधं. या वेळी ती त्यांना स्वतःलाच दुसऱ्या फेरीत सापडली होती आणि रजिस्टरमधली नोंद त्यांनीच लिहिली होती. तिची नक्कल त्यांनी वहीत करून आणली होती, मला दाखवायला. दीड ओळीऐवजी सहा ओळी होत्या. वेळ, खिडकीवरची गर्दी, दोन नावांतली सारखी अक्षरं, खणाची जागा, काय बदललं, कोणाला कळवलं. वहीच्या पानावर या सगळ्याच्या वर, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "काय झालं, सांग."